फट ठेवा, जोडू नका

मंडळी, रत्नागिरी-मालवण पट्ट्यात साठच्या दशकातले सपाट स्लॅबचे बंगले अजून उभे आहेत. स्लॅबचाच पुढे काढलेला लांब छज्जा, सिमेंटची जाळी, मोझेकची जमीन, चिऱ्याच्या भिंती. अशा घराला खोली वाढवायची म्हटली की जुन्या बीमला भोकं पाडायची, सळया ठोकायच्या आणि नवा स्लॅब त्यावर टेकवायचा, असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. जुना पाया बसायचा तेवढा बसून गेलेला असतो, नवा अजून बसायचाय. भेग पडणारच. ती कुठे पडावी, एवढंच आपल्या हातात असतं.

म्हणून दोन्हींच्या मध्ये जोत्यापासून वरपर्यंत २५ मिमीची सरळ फट ठेवा. नवे खांब जुन्या भिंतीपासून मीटरभर लांब घ्या आणि स्लॅब तेवढा झुलता पुढे काढा. मग जुन्या पायाला खेटून खणावं लागत नाही.

नवा स्लॅब जुन्या छज्ज्याच्या खाली सरकवा. जुनी खोली ३.३ मीटर उंच असेल तर नवी २.७५ पुरे. बाहेरून छज्ज्याची आडवी रेघ अखंड राहते, आणि त्या घराचं रूप त्या रेघेतच आहे.

आता फटीचं तोंड. नव्या स्लॅबच्या फटीकडच्या कडेला १५० मिमी उंच कठडा स्लॅबबरोबरच ओता. मागाहून लावलेला सांध्यात गळतो. जुन्या भिंतीत खाच मारून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवा आणि तो कठड्यावरून खाली उतरवा. पत्रा भिंतीलाच स्क्रूने धरायचा, कठड्याला नाही. दोन्हीकडे आवळला की घर हलताच स्क्रू उपटतात आणि वर्षाचा ३००० मिमीहून अधिक पाऊस खोलीत येतो. ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातं, म्हणून खाचेत आधी डांबराचा हात द्या. जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा तर खाऱ्या हवेत विचारच नको. जुन्या गच्चीचे पन्हळे मात्र आधी दुसरीकडे वळवा.

काँक्रीटबद्दल थोडक्यात. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६:२००० किनारपट्टीला 'तीव्र' गटात धरतं: किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेर तेवढा काँक्रीटचा थर. खाडीची रेती न धुता वापरली की मीठ आपणच आत घालतो. मे महिन्यात खारट झालेल्या विहिरीचं पाणीही तसंच.

जुना छज्जा हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर आत सळई गंजून फुगलीय. फिनॉल्फ्थॅलीन (काँक्रीटचा अल्कधर्मीपणा शाबूत असेल तर गुलाबी होणारं रसायन) शिंपडून गुलाबी रंग आला की लोक निश्चिंत होतात, पण ती चाचणी मीठ दाखवत नाही. मिठातलं क्लोराइड वेगळं तपासावं लागतं. आणि सुटलेला तुकडा काढून तेवढाच नवा लेप दिला, तर गंज लेपाच्या कडेला सरकतो. खारावलेलं काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं खणून काढावं लागतं. हे काम नव्या खोलीच्या आधी करा. एकदा नवा स्लॅब खाली आला की छज्ज्याखाली टेकूही लावता येत नाही.