जुलैमधली पानगळ

मंडळी, आधी अख्खी कविता वाचतो. घाबरू नका.

असणं आपलं
जसं शिशिरात
झाडांवर
पानांचं

झाली. तिसऱ्या रांगेतल्या काकांनी पुसायला म्हणून चष्मा काढला होता, तो अजून हातातच आहे.

जुझेप्पे उंगारेत्तीची ही इटालियन कविता. शीर्षक ‘सैनिक’. तो शब्द फक्त शीर्षकात येतो. आत ना बंदूक, ना खंदक, ना मरण. इतकंच काय, ‘गळणं’ हे क्रियापदसुद्धा नाही. पानं झाडांवर आहेत, एवढंच तो सांगतो. ती गळतात आपल्या मनात, आणि म्हणून तर ऐकणारा गप्प होतो.

कवितेखाली त्याने ठिकाण आणि महिना नोंदवलाय : कुर्तोंचं रान, जुलै १९१८. हे रान फ्रान्समध्ये, रँसजवळ. जुलै म्हणजे तिकडचा भर उन्हाळा, झाडं गच्च हिरवी. मग ही पानगळ आली कुठून? मी कितीतरी वर्षं ही कविता वाचत होतो, पण तो महिना नजरेतून निसटत होता. लक्षात आलं त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं.

उंगारेत्ती पहिल्या महायुद्धात साधा पायदळातला शिपाई. जन्म १८८८चा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातला. आघाडीवर जुन्या वर्तमानपत्रांच्या समासांत, हाताला लागेल त्या चिठोऱ्यांवर लिहायचा आणि पिशवीत कोंबायचा. एका तरुण अधिकाऱ्याने ते चिठोरे मागून घेतले. १९१६ साली उदिने गावी पुस्तक छापलं, प्रती फक्त ८०. विरामचिन्हं नाहीत, ओळीत कधी एखादाच शब्द. ‘हे कसले प्रयोग?’ असं आपल्याकडेही विचारतात. विचारू देत. मला त्या तुटक्या ओळींत दम लागलेला माणूस ऐकू येतो.

त्याच १९१६ सालच्या दुसऱ्या एका कवितेत अंधारात सैनिक भेटतात. ‘कुठल्या पलटणीचे, भावांनो?’ एवढं विचारतात. तो ‘भावांनो’ शब्द कवीला रात्रीत थरथरणारं, नुकतं फुटलेलं पान वाटतो. दोन वर्षांनी तेच पान कुठे येऊन ठेपलं, ते तुम्ही आत्ता ऐकलंत.

आता ही कविता मराठीत आणताना झालेली माझी फजिती सांगतो. मुळात ऋतू शरद आहे. पण मराठीत शरद म्हटलं की कोजागरी, आटवलेलं दूध, टिपूर चांदणं. तिथे सैनिक मरेनात. ‘पानगळीत’ लिहावं, तर जे त्याने गिळलं तेच मी बोलून बसतो. शेवटी शिशिर घेतला. कालगणना चुकली, थंडी तरी पोचली.

आणखी एक पेच. मुळातल्या क्रियापदाला कर्ताच नाही. ‘मी’ नाही, ‘आम्ही’ नाही, नुसतं असणं. ‘असायचं’ लिहून पाहिलं, तर भूतकाळ वाटायला लागला. शिवाय मूळ कविता ‘पानं’ या शब्दावर संपते आणि आपलं मराठी वाक्य क्रियापदावर जाऊन बसतं. ‘पानं असतात’ म्हटलं की संपलंच सगळं.

मग एकदा फोनवर आईला विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, ‘काही नाही, बसलेय आपली.’ हा ‘आपली’ कोणाचाच नसतो. मी फोन ठेवला आणि पहिल्या ओळीत ‘आपलं’ लिहिलं.