हिरव्या बनातीचं दार

(दृश्य : ईटन प्लेस, लंडन. सकाळ. पांढरे खांब, काळी दारं. कॅमेरा दारावरच्या आकड्यावर थांबतो.)

लंडनमधला बेलग्रेव्हिया हा श्रीमंत भाग आणि त्यातला हा रस्ता, ईटन प्लेस. घरं अशी की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. या घराचा क्रमांक 65. पन्नासेक वर्षांपूर्वी टीव्हीवाल्यांनी या 65च्या आधी 1 हा आकडा रंगवला आणि 165 ईटन प्लेस हा पत्ता जन्माला आला. पत्ता खोटा, पण ब्रिटनमध्ये एका पिढीला तो आपल्या घराच्या पत्त्यासारखा पाठ होता. मालिकेचं नाव ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’. वर मालक, खाली नोकर. पहिला भाग लागला 10 ऑक्टोबर 1971 ला, रविवारी, रात्री उशिरा. चॅनेलला तिच्याकडून फारशा आशा नव्हत्या, हे त्या वेळेवरूनच कळतं.

आता कॅमेरा जरा खाली येऊ द्या.

(दृश्य : लोखंडी कठडा. कठड्यामागून तळघराकडे उतरणारा अरुंद दगडी जिना.)

ही आमची खरी जागा. समोरच्या दाराला पायऱ्या आहेत, त्या वर चढतात. या पायऱ्या रस्त्याच्या पातळीखाली उतरतात. कोळसेवाला, दूधवाला, खाटकाचा पोरगा आणि कामाला येणाऱ्या मुली, सगळे इथून.

मालिकेतली चित्रं आम्ही दाखवू शकत नाही. त्यांच्या हक्कांचे पैसे आमच्या खिशाला झेपणारे नाहीत. तेव्हा हा कठडा बघत ऐका. साल 1903. एक मुलगी नोकरीसाठी येते आणि थेट समोरच्या दाराची बेल वाजवते. बटलर हडसन दार उघडतो, तिला खालून वरपर्यंत न्याहाळतो आणि या जिन्याकडे पाठवतो. मुलगी सांगते, माझं नाव क्लेमॉन्स. मालकीणबाई, लेडी मार्जोरी, म्हणतात की हे काही मोलकरणीचं नाव झालं नाही. त्या क्षणापासून ती सेरा. आपल्याकडे सुनेचं नाव बदलायचं तर निदान ताटात तांदूळ पसरून बोटाने लिहितात. इथे तांदूळही लागले नाहीत.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. नोकरांचे समूहफोटो, अंगणात रांगेने उभे.)

ही कल्पना दोन नट्यांची. जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स. दोघींचा जन्म 1934 चा, दोघी लंडनच्या कष्टकरी घरांतल्या. ॲटकिन्सचे वडील आधी पोर्तुगीज राजदूताच्या गाडीवर दुय्यम ड्रायव्हर होते, पुढे घरोघर गॅसचे मीटर वाचत फिरायचे. आई बारमध्ये काम करायची. मार्शची आईही बारमध्ये काम करायची आणि नाटकात नटांना कपडे चढवायची. टीव्हीवरच्या पोशाखी मालिकांमध्ये परीटघडीचे कपडे घालून लोक जेवायला बसायचे. ते कपडे धुतो कोण, हा प्रश्न अशा घरातल्या मुलींनाच पडणार.

मालिकेचं आधी ठरलेलं नाव होतं ‘बिहाइंड द ग्रीन बेझ डोअर’. म्हणजे हिरव्या बनातीच्या दारामागे. मोठ्या घरांत मालकांचा भाग आणि नोकरांचा भाग यांच्यामध्ये एक दार असायचं. त्यावर जाड हिरवी बनात ठोकलेली. खालचे आवाज आणि फोडणीचे, धुण्याचे वास वर पोचू नयेत म्हणून. आवाज मात्र एका दिशेने चालायचा, वरून खाली. त्यासाठी घंटा होत्या.

(दृश्य : अर्डिग, रेक्सहॅमजवळ, वेल्स. नोकरांच्या वाटेवरच्या घंटांची रांग.)

या बघा. हे घर ईटन प्लेसचं नाही, वेल्समधल्या अर्डिगचं आहे. योर्क कुटुंबाने 1973 मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. इथे पाहुण्यांनासुद्धा नोकरांच्या बाजूने आत घेतात. आधी गोठे, तबेले, धुणीघर, स्वयंपाकघर आणि मग दिवाणखाने. आम्हाला हा क्रम इतका आवडला की अर्धा दिवस आम्ही पुढच्या खोल्यांत गेलोच नाही.

घंटा स्प्रिंगवर टांगलेल्या असतात, त्यामागे एक युक्ती आहे. घंटा वाजून गेल्यावरही स्प्रिंग थोडा वेळ थरथरत राहते. हातातली परात खाली ठेवून मुलगी धावत आली, तरी कोणत्या खोलीतून बोलावणं आलं हे तिला मान वर करून दिसायचं. कान तयार झाला की बघावंही लागत नसे, कारण प्रत्येकीचा आवाज वेगळा.

(दृश्य : स्वयंपाकघर. तांब्याची भांडी. फायरप्लेसची लोखंडी जाळी, जवळून. राखेने माखलेला हात.)

आणि हे काम. घर उठायच्या आत मोलकरीण उठायची. रात्रीची राख काढायची, जाळी काळ्या पुडीने घासून चकचकीत करायची, नवा विस्तव घालायचा. मग पितळी कॅनमधून गरम पाणी जिन्याने वर. मग वापरलेलं पाणी जिन्याने खाली. पलंगाखालची भांडीही खाली. एका मजल्यावर हे एकदा करून बघा, पाठ सांगेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बायकांना सर्वांत जास्त नोकऱ्या घरकामाच्याच होत्या. म्हणजे आज आजी-पणजीचा शोध घ्यायला निघालेला ब्रिटिश माणूस बहुधा दिवाणखान्यात पोचत नाही, अशाच एखाद्या मोरीत पोचतो.

(दृश्य : नोकरांच्या दालनातली तैलचित्रं.)

ही जेन एब्रेल. 1793 मध्ये तिचं चित्र काढलं तेव्हा वय 87. हुद्दा ‘स्पायडर ब्रशर’. सरळ मराठीत, जळमटं काढणारी बाई. योर्क घराण्याने आपल्या नोकरांची तैलचित्रं काढून घेतली आणि त्यांवर स्वतः कविताही लिहिल्या. मालक लोक विक्षिप्त होते म्हणतात. आम्हाला ते तेवढेसे विक्षिप्त वाटले नाहीत.

आता पुन्हा मालिकेकडे. निर्माता जॉन हॉक्सवर्थ आणि पटकथांवर शेवटचा हात फिरवणारा आल्फ्रेड शॉनेसी. शॉनेसी वरच्या मजल्यावरचा माणूस. त्याचे सावत्र वडील सर पियर्स ली हे राजे सहावे जॉर्ज यांच्या घरकारभाराचे प्रमुख होते. खालचं जग दोघी नट्यांकडून आलं, वरचं याच्याकडून. सूप कोणत्या बाजूने वाढायचं हे त्याला पुस्तकात शोधावं लागत नव्हतं.

सुरुवातीलाच विघ्न आलं. रंगीत चित्रणाच्या यंत्रांवर काम करायचे जादा पैसे हवेत म्हणून मालिका दाखवणाऱ्या आयटीव्ही या चॅनेलच्या तंत्रज्ञांनी रंगीत काम थांबवलं होतं. म्हणून पहिले काही भाग काळ्या-पांढऱ्यात घ्यावे लागले आणि पहिला भाग पुढे रंगात पुन्हा चित्रित झाला. नोकरांच्या मालिकेची सुरुवात कामगारांच्या भांडणाने व्हावी, याहून बरा मुहूर्त कोणता?

पाच पर्व, 68 भाग, 1903 ते 1930. लेडी मार्जोरी टायटॅनिकवर गेल्या, युद्ध आलं, मुलगा गेला. 21 डिसेंबर 1975 च्या शेवटच्या भागात रोझ ही मोलकरीण, म्हणजे स्वतः जीन मार्श, रिकाम्या घरातून एकटी फिरते. खोल्याखोल्यांतून जुने आवाज येतात. ती दार ओढून घेते.

(दृश्य : क्लॅरेंडन स्क्वेअर, लेमिंग्टन स्पा. पाऊस. पांढरी घरं, पुन्हा तीच.)

आणि 35 वर्षांनी ते दार उघडतं. हे ईटन प्लेस नाही, लेमिंग्टन स्पा आहे. 2010 मध्ये बीबीसीने मालिका पुन्हा उभी केली तेव्हा बाहेरची दृश्यं इथे घेतली आणि आतलं घर वेल्समध्ये बांधलं. आम्ही गेलो तेव्हा पाऊस होता, म्हणून चित्र जरा धुरकट आहे.

लेखिका हायडी थॉमस. काळ 1936. घर वारशाने आलंय परराष्ट्र खात्यातल्या सर हॅलम हॉलंडकडे. त्यांची बायको लेडी ॲग्नेस नोकर शोधायला एका एजन्सीत जाते, ती एजन्सी रोझची. जुन्या मालिकेतून या घरात परत आलेली ती एकटीच. आधी माणसं पुरवते, मग स्वतःच घराच्या किल्ल्या कमरेला लावते.

आयलीन ॲटकिन्सचं मात्र ऐकण्यासारखं आहे. 1971 मध्ये सेराची भूमिका तिने करायची असं ठरलं होतं. नाटकात अडकली, राहून गेलं. चाळीस वर्षांनी तिला या घरात प्रवेश मिळाला तो सर हॅलमची आई म्हणून. मोलकरीण व्हायला निघालेली बाई शेवटी समोरच्या दाराने आत आली.

तीही भारतातून. लेडी मॉड हॉलंड हिंदुस्थानात आयुष्य काढून परततात. सोबत सॉलोमन नावाचं माकड आणि सेक्रेटरी अमनजीत सिंग. ही भूमिका आर्ट मलिकने केली. अमनजीतला वर बसवावं की खाली, हे घरात कुणालाच नीट उमगत नाही. तो ना धड इकडचा ना धड तिकडचा, अधांतरी.

(दृश्य : 26 किंग एडवर्ड्स रोड, हॅकनी. विटांची भिंत. निळी गोल पाटी.)

इथे थोडं थांबतो. मालिकेत हे घर नाही, पण आम्ही ते चित्रित केलं, कारण राहवलं नाही. हे आयांचं वसतिगृह होतं. साहेबाची मुलं सांभाळत मुंबई, कलकत्ता, मद्रासहून बोटीने आलेल्या आया. बऱ्याचजणींना इथे पोचल्यावर परतीच्या तिकिटाशिवाय सोडून दिलं जायचं. मग परत निघालेलं एखादं कुटुंब मिळेपर्यंत त्यांनी इथे राहायचं. 1900 पासून 1921 पर्यंत वसतिगृह या पत्त्यावर होतं. ही पाटी 2022 ची. पाटीखाली उभं राहिलं की मनात येतं, लेडी मॉडनी माकडाऐवजी एक आया आणली असती तर मालिकेला केवढं मोठं दार उघडलं असतं.

(दृश्य : केबल स्ट्रीटचं भित्तिचित्र. घोडेस्वार पोलीस, उडणारे दगड, चेहरे.)

नव्या मालिकेचं सर्वांत चांगलं काम या रस्त्याशी जोडलेलं आहे. 4 ऑक्टोबर 1936. मोस्लीच्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांना ईस्ट एंड या लंडनच्या कष्टकरी भागातून मोर्चा काढायचा होता. ज्यू, आयरिश, गोदीकामगार, सगळ्यांनी मिळून तो अडवला. या भिंतीवर ते अजून चालू आहे. 165च्या तळघरात हेच भांडण शिरतं. ड्रायव्हर स्पार्गो काळ्या शर्टाकडे ओढला जातो. शेजारच्या खोलीत रेचल, जर्मनीतून पळून आलेली ज्यू मोलकरीण. एकाच टेबलावर दोघं चहा पितात. रेचल दम्याने जाते आणि मागे उरते तिची मुलगी लोटी.

वर काय चालतं? वर पार्टीला हिटलरचा राजदूत रिबेनट्रॉप येतो, जिच्यासाठी राजाने पुढे गादी सोडली ती वॉलिस सिम्पसन येते. पडदे सुंदर आहेत. आमच्या मते तिथेच चूक झाली. इतिहास वरच्या मजल्यावर पाहुणा म्हणून आला आणि कॅमेरा त्याच्यामागे तिकडेच रमला. तळघरात तो घरचा होता.

बाकीचं थोडक्यात. तीन महिने आधी, सप्टेंबर 2010 मध्ये, ‘डाउन्टन ॲबी’ सुरू झाली होती आणि तिने मैदान मारलं. दुसऱ्या पर्वाच्या वेळी जीन मार्श आजारी पडली, ॲटकिन्स सोडून गेली, प्रेक्षक घटले. एप्रिल 2012 मध्ये बीबीसीने मालिका बंद केली. एकूण नऊ भाग.

जीन मार्श एप्रिल 2025 मध्ये गेली. वय 90.

(दृश्य : पुन्हा ईटन प्लेस. संध्याकाळ. तोच कठडा, तोच खाली उतरणारा जिना.)

शेवटचं दृश्य ठरवून घेतलेलं नाही. आम्ही ट्रायपॉड गुंडाळत होतो. एक पार्सलवाला पोरगा आला. वरच्या दाराकडे बघितलं, मोबाईलवर पत्ता तपासला आणि हा जिना उतरून खाली गेला. तळघरात आता वेगळा फ्लॅट आहे, त्याला स्वतःची बेल आहे. त्याने ती दाबली. आतून कुणीतरी म्हणालं, आले, आले.

(आवाज : बेल. दार उघडल्याचा आवाज. काळा पडदा.)