ओरत्तनाडूला उतरा

श्रोतेहो, नमस्कार.

तंजावरला मी आजवर चार वेळा गेले. त्यातल्या तीन वेळा ओरत्तनाडू हे गाव मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलं. पट्टुकोट्टैकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेनं जाणारी गाडी इथे पाच मिनिटं थांबते. खिडकीखाली भाजलेल्या शेंगांचे कागदी सुरळे येतात, मोगऱ्याचे गजरे येतात, कंडक्टर शिट्टी मारतो आणि गाडी निघते. चौथ्या वेळी, पोंगलचा सण नुकताच झाला होता तेव्हा, मी तिथे उतरले. त्या एका दिवसाबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

उतरायला लावलं ते तंजावरच्या एका आजींनी. त्यांच्या घराण्याचा मुक्काम कित्येक पिढ्यांपासून तंजावरातच आहे. घरात अजून मराठी बोलतात. क्रियापदं आपली आणि हेल तमिळ, त्यामुळे पहिली दहा मिनिटं कान लावून ऐकावं लागतं. मग कानाला सवय होते आणि गोडी लागते. जेवताना पानात डांगर पचडी आली. उडदाच्या पिठाचं, दह्यातलं आपलं डांगर, वर मोहरी-हिंगाची फोडणी. आजींनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी सांगत गेले: बृहदीश्वर, त्याच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख, राजवाडा, सरस्वती महालातल्या पोथ्या. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि मुक्तांबाळचं छत्र?"

मी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले.

तंजावरपासून दक्षिणेला साधारण चोवीस किलोमीटर. बायकांना तिकीट नसलेली साधी टाउन बस मिळाली. भाजीच्या टोपल्या, शाळेतल्या मुली, मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली एक म्हातारी, असा सगळा संसार गाडीत होता. म्हातारीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "एंद ऊरु?" कुठलं गाव? मी म्हटलं, पुणे. तिला ते काही उमगलं नाही. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला, "साप्टाच्चा?" जेवण झालं का? तो मला कळला आणि त्याचं उत्तरही देता आलं. तमिळ मुलखात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. आपल्याकडे खेड्यात अजून दारावरून जाणाऱ्याला "जेवलात का?" विचारतात, तसाच.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात. सांबा नावाचा लांब मुदतीचा भात या दिवसांत कापणीला येतो. काही खाचरं पिवळीधमक उभी होती, काहींत यंत्र फिरून गेलं होतं आणि पेंढ्याचे गोल भारे पडले होते. डांबरी रस्त्याची एक बाजू तर शेतकऱ्यांनी खळं म्हणूनच वापरायला घेतलेली. साळी वाळत घातलेल्या, कडेला दगड मांडलेले, आणि बायका पायांनी दाणे उलटे-सुलटे करत चाललेल्या. बैलांच्या शिंगांवर माट्टु पोंगलचा निळा-तांबडा रंग अजून ताजा होता.

या भागातली शेती जुन्या कावेरीची नाही, हे मला तिथेच समजलं. जुना त्रिभुजप्रदेश नदीच्या फाट्यांवर हजार वर्षांपेक्षा जास्त काळ पिकतो आहे. ओरत्तनाडू, पट्टुकोट्टैकडची जमीन थोडी उंचावरची. तिला पाणी मिळालं ते कावेरीवरचं मेट्टूर धरण झाल्यावर, 1934 साली सुरू झालेल्या कल्लणै कालव्यानं. परंपरेनं मेट्टूरचे दरवाजे 12 जूनला उघडतात आणि 28 जानेवारीला बंद होतात. या दोन तारखा इथल्या माणसांना सणांसारख्या पाठ असतात. मी गेले तेव्हा कालवा वाहत होता आणि पुलाखाली मुलं उड्या मारत होती.

नारळाच्या बागांकडे मात्र नीट पाहावं लागतं. एका रांगेत उंच, म्हातारी झाडं असतात आणि मध्येच गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपं सुरू होतात. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गज चक्रीवादळ या बाजूनं गेलं. एका रात्रीत माड आडवे झाले. पंचवीस-तीस वर्षं वाढवलेला माड पडला, की घरातला कमावता माणूस गेल्यासारखंच असतं. नवं रोप फळाला यायला वर्षं लागतात आणि तोवर त्या जागेकडे रोज बघायचं. कोकणातल्या श्रोत्यांना हे मी वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

गाव म्हणाल तर छोटंसं. बसस्थानक, त्याला लागून खताची दुकानं, सोनाराची पेढी, भांड्यांचं दुकान, चहाच्या टपऱ्या. सगळ्या पाट्या तमिळमध्ये. एका टपरीवर चहा घेतला आणि सत्तिरम कुठे आहे असं विचारलं. सत्तिरम म्हणजे आपलं सत्र, आपलं छत्र. अन्नछत्रातलं छत्र. टपरीवाल्यानं हातानं दिशा दाखवली आणि बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका वयस्क गृहस्थांना हाक मारली, "वाद्यार!" वाद्यार म्हणजे शिक्षक. ते निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पेपरची घडी घातली, धोतर नीट केलं आणि "वांगा, वांगा," या, या, म्हणत माझ्या पुढे चालू लागले.

आता हे छत्र काय आहे, ते आधी सांगते.

तंजावरची मराठी गादी 1676 च्या सुमाराला व्यंकोजीराजांनी स्थापली, हे आपण शाळेत वाचतो. नंतरचं फारसं वाचत नाही. 1798 मध्ये दुसरे सरफोजीराजे गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, 1799 मध्ये, झालेल्या तहानं राज्याचा कारभार इंग्रज कंपनीच्या हाती गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला उरला आणि महसुलातला ठरलेला वाटा. वय अवघं बावीस. मुक्तांबाळ ही त्यांची प्रिया. लग्नाची राणी नव्हे. ती तरुणपणीच गेली. तिनं जाताना आपल्या नावानं एक छत्र मागितलं, असं इथे सांगतात. राजांनी ते बांधलं, एकोणिसावं शतक उजाडत असताना, आणि त्या ठिकाणाला नाव दिलं मुक्तांबाळपुरम. मोडी कागदांत ते नाव येतं. लोकांच्या तोंडी मात्र ओरत्तनाडूच राहिलं.

हे एकच छत्र नव्हतं. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर, पायी चालणाऱ्याच्या बेतानं, राजघराण्यानं छत्रांची माळच उभी केली होती. त्यांतली बरीचशी घराण्यातल्या स्त्रियांच्या नावांची. नीडामंगलमला यमुनांबाळपुरम, राजामडमला मोहनांबाळपुरम. समुद्रकाठी एका गावाचं नावच आजही सेतुबावाछत्रम आहे, रामदासी परंपरेतल्या सेतुबावांच्या नावावरून. काशीहून गंगाजल घेऊन रामेश्वराला निघालेला आपल्याकडचा एखादा यात्रेकरू इथवर पोचला, की त्याच्या पुढ्यात पान वाढलं जात असे.

वाद्यारांनी मला आधी बाहेरून फिरवलं. विटा आणि चुन्याचं काम. एका अंगाला देवळाचा भाग रथासारखा घडवलेला आहे: चाकं, आणि रथ ओढणारे घोडे आणि हत्ती. हत्तींची सोंड कुठे गळालेली, घोड्याच्या तोंडावर शेवाळ. आत चौक, लाकडी खांब, खांबांच्या माथ्यावर फुलांची कोरीव कामं. छपराच्या फटीतून उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता. पिंपळानं भिंतीत मूळ धरलेलं दिसलं. मी खांबाला हात लावला. इतकं चांगलं लाकूड, इतकं नेटकं काम, आणि ते पावसाच्या भरवशावर! माझा जीव तुटला, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आपण मराठी माणसं तंजावरला जातो, शिलालेखापुढे उभे राहून फोटो काढतो आणि परत येतो. हे छत्र कुणाच्या यादीत नसतं. यादीत नसलेली वास्तू कशी हळूहळू जाते, ते मी त्या चौकात पाहिलं.

सरफोजीराजांनी 1801 साली तंजावरचे इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिलं. छत्रांचा कारभार कंपनीनं आपल्याकडे घेऊ नये, तो आमच्याकडेच राहू द्यावा, म्हणून लिहिलेलं. राज्य गेलेलं, आणि हा तरुण राजा झगडतो आहे तो कशासाठी, तर अन्नछत्रांसाठी. त्यानं त्यात छत्रांचा रोजचा क्रम सांगितला आहे. ब्राह्मणापासून ज्याला त्या काळी सगळ्यांत खालचा मानत त्याच्यापर्यंत, जोगी, बैरागी, संन्यासी, कुणीही येवो, त्याला शिजवलेला भात मिळे. शिजवलेलं घ्यायचं नसेल त्याला कोरडा शिधा. पंगत सगळ्यांची एक नव्हती, तो काळ तसा होता आणि ते झाकायचं काही कारण नाही. पण दारावरून कुणी परत जात नसे. आजारी पडला तर औषध आणि पथ्याचं जेवण, बरा होईपर्यंत. विषारी दंशावर उतारा देणारे वैद्य नेमलेले. बाळंतिणीची व्यवस्था. लहान मुलांना दूध. चारी वेदांचे अध्यापक, आणि एक शाळामास्तर. वाटेत ज्यांचे आईबाप गेले अशी पोरकी मुलं मास्तरच्या हवाली होत. त्यांना तीन वेळा जेवण आणि दर चौथ्या दिवशी अंगाला तेल. ज्याला जी विद्या आवडेल ती शिकवायची, आणि शिकून तयार झाला की त्याच्या लग्नाचा खर्चही करायचा.

दर चौथ्या दिवशी अंगाला तेल! श्रोतेहो, राजाच्या पत्रात हे येतं. पोरक्या मुलाच्या अंगाला तेल कोण लावणार, याचा विचार कुणीतरी केला होता, त्याचा दिवसही ठरवला होता.

आणि एक घंटा. दिवसभर, रात्रीपर्यंत वाढप चाले. मध्यरात्री घंटा वाजवायची आणि पुकारा करायचा: ज्याचं अजून जेवण झालेलं नाही त्यानं यावं, त्याच्यासाठी भात ठेवला आहे. त्याच पत्रात राजा म्हणतो, या दानधर्मामुळे तंजावरच्या राज्याला लोक धर्मराज्य म्हणतात, आणि माझ्या पदाचा सगळ्यांत मोठा मान मी तोच समजतो.

वाद्यारांना मी हे माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, मध्येमध्ये इंग्रजी घालत सांगितलं. त्यांना पत्राची माहिती नव्हती. पण त्यांच्याकडे जे होतं ते कुठल्या कागदात नाही. पुढच्या काळात याच वास्तूत गरीब मुलांचं वसतिगृह चाले आणि वाद्यार लहानपणी तिथे राहिलेले. वडील शेतमजूर. त्यांच्या गावात शाळा पाचवीपर्यंत. पुढे शिकायचं तर इथे. त्यांनी मला ओटा दाखवला, तमिळमध्ये तिण्णै म्हणतात, तिथे ते पथारी पसरून झोपायचे. कुठला खांब कुठल्या मुलाचा, हेसुद्धा ठरलेलं होतं. "सांबार पातळ असायचं," ते म्हणाले, "पण गरम असायचं." एका खांबाशी ते थांबले, हात टेकला आणि म्हणाले, "हा माझा." वसतिगृहात राहून ते शिकले, शिक्षक झाले आणि ओरत्तनाडूतच नोकरी केली.

मी त्यांना विचारलं, घंटा कुठे टांगलेली असायची? त्यांनी वर तुळयांकडे पाहिलं. मीही पाहिलं. एका तुळईला एक गंजकं कडं होतं. "झोपाळ्याचंही असेल," ते म्हणाले. आम्ही दोघं थोडा वेळ त्या कड्याकडे बघत राहिलो.

बाहेर आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. "साप्टिंगळा?" वाद्यारांनी विचारलं. मी परत जाऊन जेवेन म्हटलं, तर त्यांना ते पटेना. घरी नेलं. दारातली पोंगलची कोलम, म्हणजे रांगोळी, अर्धी पुसलेली. अम्मांनी केळीचं पान मांडलं, मी त्यावर पाणी शिंपडलं. तांदूळ त्यांच्याच शेतातला, या हंगामाचा नवा. आधी सांबार, मग रसम, मग ताक. फणसाच्या कोवळ्या कुयरीची भाजी होती. नवा भात चिकट होतो, त्याला एक दुधाळ वास असतो. अम्मा दर वाढपाला "पोदुमा?" म्हणायच्या, पुरे का, आणि मी पुरे म्हटलं तरी आणखी वाढायच्या. वाद्यार स्वतः जेवायला बसले नाहीत. पाहुणा उठल्याशिवाय ते बसणार नव्हते.

बसस्थानकापर्यंत ते पोचवायला आले. त्यांनी एकच गोष्ट मागितली: त्या पत्राचा मजकूर त्यांना हवा होता. मी घरी आल्यावर तो इंग्रजीतून उतरवून पाठवला. तमिळ विद्यापीठानं तंजावरच्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद छापले आहेत, हेही कळवलं. गावातल्या शाळेत ते पत्र ते स्वतः वाचून दाखवणार होते.

तंजावरला जाल तेव्हा अर्धा दिवस जास्त ठेवा. पट्टुकोट्टैला जाणारी गाडी पकडा आणि ओरत्तनाडूला उतरा. सत्तिरम कुठे आहे असं विचारलंत, की कुणीही दाखवेल. जेवायच्या वेळेला गेलात तर उपाशी परत येणार नाही.

नमस्कार.