टँकरच्या खेपा कोण मोजणार?

मित्रहो, 'केसरी' म्हटलं की पुण्यातल्या माणसाला राजद्रोहाचे खटले आठवतात, मंडाले आठवतं. मला आधी १८९६ चा दुष्काळ आठवतो. पीक बुडालं तर शेतसाऱ्यात सूट द्यावी, हाताला काम द्यावं, असे नियम सरकारनेच करून ठेवले होते. पण शेतकऱ्याला ते सांगणार कोण? 'केसरी'ने ते मराठीत समजावून दिले. सारा भरण्यासाठी किडूकमिडूक विकू नका, असं बजावलं. 'सार्वजनिक सभा' या पुण्यातल्या संस्थेची माणसं गावोगाव हेच सांगत फिरली. कायदा कचेरीतून बांधावर आला तो असा.

बातमीला वरही जावं लागतं. १९४३ साली बंगालमध्ये माणसं कलकत्त्याच्या रस्त्यांवर उपाशी मरत होती आणि सरकार 'दुष्काळ' हा शब्दच टाळत होतं. ऑगस्टमध्ये 'स्टेट्समन' या वर्तमानपत्राने त्यांचे फोटो छापले, मग मात्र झाकणं कठीण झालं. निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठे भूकबळी होत नाहीत, असं अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन सांगतात, ते यामुळेच. आपल्याकडे १९७२ ला पाऊस गेला. तुमच्यापैकी काहींनी त्या वेळी सुकडी खाल्ली असेल, खडी फोडली असेल. हाल फार झाले, पण बंगालची पुनरावृत्ती झाली नाही, आणि त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. उलट १९७५ ला आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. सक्तीच्या नसबंदीबद्दल लोक किती चिडलेत, हे सत्तेवरच्यांना कळलं ते थेट मार्च १९७७ मध्ये, मतपेट्या उघडल्यावर.

मी बातमीदार झालो तेव्हा मला पुण्याजवळच्या एका दुष्काळी तालुक्यात पाठवलं होतं. कचेरीतल्या वहीत एका वाडीला टँकरच्या रोज तीन खेपा लिहिलेल्या. मी दोन दिवस विहिरीच्या काठावर बसून राहिलो. खेप एकच आली. पाणी विहिरीत पडताच बायका कळशा सोडायच्या, वर यायचं ते गढूळच. चार ओळींची बातमी छापून आली आणि आठवड्याभरात तीन खेपा सुरू झाल्या. पुढे एका मावशींनी ते कात्रण मला दाखवलं, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं.

आज त्या विहिरीवर कोण बसेल? तालुक्याच्या वार्ताहराला पगार असा नसतोच, जाहिरातींवरचं कमिशन असतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी भरली तर त्याचं घर चालतं. आणि टँकरचा ठेका बहुतेक वेळा त्याच पुढाऱ्याच्या जवळच्या माणसाकडे असतो. मी या पोराला दोष देणार नाही. बातमीदार जाहिरातीपासून वेगळा काढा आणि त्याला महिन्याचा पगार द्या, हे मी मालकांना सांगत आलोय. तुम्हाला एवढंच विचारतो: पुरवणीविना निघणाऱ्या अंकाचे दोन रुपये जास्त द्यायची आपली तयारी आहे का?