१७ मार्च : परमुलखात घडलेला आयरिश सण

श्रोतेहो, १७ मार्चच्या सुमारास न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत हिरव्या पोशाखातली माणसे मिरवणुकीत चालताना दिसतात आणि हा सण आयर्लंडमधून तयार होऊन जगभर पसरला असावा, अशी आपली सहज समजूत होते. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. सेंट पॅट्रिक दिनाचे धार्मिक मूळ आयर्लंडचेच आहे; परंतु आज आपण ओळखतो ते त्याचे रूप देश सोडून गेलेल्या आयरिश लोकांनी घडवले आणि मायदेशाने ते बऱ्याच उशिरा आपलेसे केले.

ज्याच्या नावाने हा दिवस पाळतात, तो पॅट्रिकही जन्माने आयरिश नव्हता. पाचव्या शतकातला हा धर्मोपदेशक रोमन ब्रिटनमधला. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास आयरिश लुटारूंनी त्याला पळवून नेले आणि पुढची सहा वर्षे त्याने गुलामगिरीत गुरेमेंढरे राखण्यात काढली. तिथून निसटून तो घरी पोहोचला आणि पुढे बिशप होऊन, ज्या भूमीत गुलाम म्हणून राबला होता तिथेच स्वेच्छेने परतला. हे सारे त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवलेले आहे. त्याचे दुसरे उपलब्ध लेखन म्हणजे कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांना उद्देशून लिहिलेले पत्र. या सैनिकांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांपैकी काहींना ठार मारले आणि काहींना गुलाम म्हणून विकले, आणि त्याबद्दलचा पॅट्रिकचा संताप त्या पत्राच्या ओळीओळीत आहे. त्याने आयर्लंडमधून साप हाकलल्याची कथा नंतरची. हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोहोचलेच नव्हते. शॅमरॉक या त्रिदली हिरव्या पानाच्या तीन दलांवरून त्याने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य समजावून सांगितल्याचा उल्लेखही त्याच्या लेखनात नाही. या दंतकथांपेक्षा मला ते संतप्त पत्र कितीतरी मोलाचे वाटते.

१७ मार्च हा त्याचा मृत्युदिन मानला जातो. सतराव्या शतकात वॉटरफर्डचे फ्रान्सिस्कन विद्वान ल्यूक वॉडिंग यांच्या प्रयत्नांनी हा दिवस रोमन चर्चच्या पंचांगात आला. आयर्लंडमध्ये त्याचे स्वरूप साधेच होते : चर्चमधील प्रार्थना, कपड्यांवर खोचलेले शॅमरॉक आणि ईस्टरपूर्वीच्या लेंट या उपवासकाळात मिळणारी एका दिवसाची मोकळीक.

दरम्यान अमेरिकेत वेगळेच घडत होते. बोस्टनमधील आयरिश रहिवाशांनी १७३७ मध्ये हा दिवस साजरा केला आणि १७६२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली, तीही ब्रिटिश सैन्यात चाकरीला असलेल्या आयरिश शिपायांच्या पुढाकाराने. मात्र या मिरवणुकांना खरे बळ आले ते १८४५ नंतर. त्या वर्षी बटाट्यावर करपा पडला आणि ज्या पिकावर गरीब कुटुंबांचा सारा भार होता तेच हातचे गेले. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. अमेरिकेत उतरलेल्या या गरीब कॅथलिक लोकांना तिथला प्रस्थापित समाज हीन लेखत असे. अशा वेळी शहराच्या मुख्य रस्त्यावरून हजारोंनी शिस्तीत चालणे म्हणजे आपली संख्या आणि आपली मते राजकारण्यांच्या नजरेस आणून देणे होते. केवळ उत्सव म्हणून त्या मिरवणुकांकडे पाहणे मला अन्यायाचे वाटते.

शिकागोतील हिरवी नदी आता सर्वांना ठाऊक आहे. ती प्रथा १९६२ मध्ये तिथल्या प्लंबरांच्या संघटनेने सुरू केली. सांडपाणी कुठून नदीत मिसळते हे शोधण्यासाठी प्लंबर पाण्यात रंग सोडत, त्यातूनच ही कल्पना निघाली. आजही त्यांच्या बोटींवरून पाण्यात भुकटी टाकली जाते. ती दिसायला नारिंगी असते, मागून येणारी बोट पाणी घुसळते आणि पाहता पाहता पात्र हिरवेगार होते.

कॅरिबियनमधील माँटसेराट बेटावर मात्र या दिवसाला फार गंभीर अर्थ आहे. तिथे आयरिश वसाहतकार होते आणि त्यांच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. १७ मार्च १७६८ रोजी मालक सणात दंग असतील हे हेरून गुलामांनी उठावाचा बेत आखला. तो फुटला आणि त्यांच्यापैकी नऊ जणांना फाशी देण्यात आले. आज त्यांच्या स्मरणार्थ तिथे या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. आयरिश लोकही इतरांचे मालक होते, ही गोष्ट या सणाच्या इतिहासातून वगळता कामा नये.

खुद्द आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी १९०३ मध्ये मिळाली आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्या दिवशी दारूचे गुत्ते कायद्याने बंद असत. डब्लिनमध्ये सरकारच्या पुढाकाराने मोठा महोत्सव भरू लागला तो थेट १९९६ मध्ये, परदेशातील मिरवणुकांचा डामडौल पाहिल्यानंतर. राजनैतिक उपयोग मात्र आधीच कळला होता. १९५२ मध्ये वॉशिंग्टनमधील आयरिश राजदूत जॉन हर्न यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना शॅमरॉकची छोटी पेटी पाठवली; त्यातून पुढे, पंतप्रधानांनी स्वतः व्हाइट हाउसमध्ये जाऊन शॅमरॉकने भरलेले काचेचे पात्र देण्याची प्रथा रूढ झाली. एका लहान देशाला जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राध्यक्षाची दरवर्षी ठरलेली भेट मिळते, ती त्या स्थलांतरितांच्या वंशजांच्या मतांमुळेच. २०१८ मध्ये ते पात्र घेऊन गेलेले पंतप्रधान होते डब्लिनमध्ये जन्मलेले लिओ वराडकर. त्यांचे वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर आणि घराणे मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे.