तिघी, मापाची वही आणि पायलट

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय विनोदी गोष्टींबद्दल, आणि त्यांतल्याही एका खास प्रकारच्या. पस्तिशी-चाळिशीतल्या, अंगानं भरलेल्या, लग्न न झालेल्या मैत्रिणी आणि त्यांची प्रेमाची शोधाशोध. विषय ऐकूनच काही जण हसले असतील. हसा की, त्यासाठीच बसलेय. मी स्वतः किती किलोची आहे हे तुम्हाला आवाजावरून कळणार नाही, हा रेडिओचा माझ्यावर मोठा उपकार आहे.

जाडी बाई आपल्या विनोदाला नवी नाही. आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात एखादा उंचापुरा गडी पोटाला उशी बांधून, लुगडं नेसून यायचा. खुर्चीत बसायचा, खुर्ची मोडायची, मांडव हसून लोटपोट. ती बाई बहुतेक कुणाची तरी मावशी असायची आणि खुर्ची मोडली की तिचं काम संपलं. मला मात्र लहानपणी त्या मावशीचीच काळजी लागायची. घरी जाऊन ती काय बोलली असेल? नाटकात नायकाचा विधुर काका होता, चांगला माणूस होता, त्यांची गाठ घालून द्यायचं लेखकाच्या मनात कसं आलं नाही?

चवथीला आपण गोव्यात माटोळीखाली, म्हणजे फळं-पानं टांगलेल्या चौकटीखाली, ज्याला बसवतो, त्याचं नावच लंबोदर. पुढ्यात नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं ताट, डावी-उजवीकडे रिद्धी आणि सिद्धी. त्याला कुणी म्हणत नाही की आधी पाच किलो उतरव, मग स्थळ बघू. आणि त्याच माटोळीखाली बसून आत्या भाचीच्या पानातली दुसरी नेवरी मोजत असते.

इंग्रजीत १९९० च्या दशकात एकट्या बायकांच्या विनोदी कादंबऱ्यांची लाटच आली. नायिका नोकरी करते, मैत्रिणींबरोबर फिरते, नको त्या पुरुषाच्या प्रेमात पडते आणि रोज वजन लिहून ठेवते. मी मोठ्या आशेनं वाचायला घेतल्या. त्यांतल्या सगळ्यात गाजलेल्या नायिकेचं वजन किलोत करून पाहिलं तर साठाच्या आत! साठाच्या आत असून ही बाई पानोपानी रडते. आमच्याकडे साठ किलोची मुलगी दिसली तर आजी विचारते, आजारी होतीस काय गो?

खरं तर गोव्यात जाड असणं ही काही जगावेगळी गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या गोव्यातल्या बायकांपैकी तिघींत एकीहून जास्त जणी जाडीच्या रकान्यात निघाल्या. पुरुषांचाही जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच. म्हणजे मुलगी बघायला सोफ्यावर तिघे पुरुष बसले, तर हिशेबानं त्यांतला एक तरी तिच्याच रकान्यातला. जाहिरातीत ‘सडपातळ वधू पाहिजे’ असं लिहिणारा नेमका तोच असतो, हे मात्र माझं निरीक्षण. सर्वेक्षणावर ढकलू नका.

तर मी सध्या अशाच तिघींची गोष्ट लिहितेय. त्यांना अजून नावं ठेवलेली नाहीत. ते काम त्यांचे नातेवाईक करतायत. तोवर गावावरूनच ओळखू या: फोंडेकरीण, म्हापशेकरीण आणि डिचोलीकरीण. दर शुक्रवारी संध्याकाळी म्हापशाच्या बाजारात तिघी भेटतात, भाजीपाव आणि मिरचीभजी मागवतात आणि आठवड्यात आलेल्या स्थळांची चिरफाड करतात.

फोंडेकरीण बँकेत कॅशियर. वडिलांमागे कुळागर, म्हणजे पोफळी-नारळांची बाग, तिच्या नावावर आलं आणि स्थळांची एकदम रीघ लागली. आपल्या गोव्याचा कायदा तुम्हाला ठाऊक आहेच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, दोघांची अर्धी अर्धी. एक मुलगा आईला घेऊन बघायला आला. तिच्याकडे एकदा बघितलं, मग खिडकीतून पोफळींकडे बघत राहिला, चहा निवेपर्यंत. आई म्हणाली, ‘‘मुलगी जरा अंगानं आहे.’’ फोंडेकरणीनं नोटा मोजताना वापरते त्याच सुरात विचारलं, ‘‘कुळागरही अंगानं आहे. ते चालेल ना?’’

म्हापशेकरीण शिवणकाम करते आणि माझा सगळा जीव तिच्यात अडकलाय. तिच्याकडे एक जाडजूड वही आहे. आख्ख्या बार्देश तालुक्यातल्या सडपातळ म्हणवणाऱ्या बायकांची खरी मापं त्या वहीत, तारखेनिशी. एक गिऱ्हाईक काकी ब्लाउज टाकायला येते. म्हापशेकरणीच्या गळ्यात टेप, दातांत पेन्सिल. काकी हात वर करून उभी असते आणि बोलत असते: भाचा आहे, निर्व्यसनी आहे, बोटीवर आहे, पण त्याला बारीक मुलगी हवी. तू थोडी उतरलीस तर शब्द टाकते.

‘‘बेचाळीस,’’ म्हापशेकरीण वहीत लिहिते. ‘‘गेल्या चवथीला चाळीस होतं, काकी.’’

‘‘टेप जरा ताणून धर गो.’’

‘‘टेप ताणत नाही, काकी. टाके ताणतात.’’

काकी गप्प. म्हापशेकरीण टेप गुंडाळते. ‘‘घाबरू नका, आत दीड इंच माया सोडते. मी सगळ्यांनाच सोडते. तुमच्या भाच्याकडे किती आहे, तेवढं विचारून या.’’

हे पान लिहून झालं तेव्हा मला कळलं की आपली गोष्ट उभी राहिली. खुर्ची मोडली की विनोद तिथेच खलास होतो, पुढे न्यायला काही उरत नाही. इथे काकी घरी जाणार, भाच्याला सांगणार, भाचा चिडणार किंवा हसणार, आणि हसला तर तो दुकानात येणार. म्हापशेकरणीचं माप तेवढंच आहे, पण वही तिच्या हातात आहे.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, छान आहे, पण शेवटी एकीला तरी बारीक करा, वाचकांना बरं वाटतं. मी मान डोलावली आणि गोष्ट परत घेऊन आले. बारीक झाल्यावर ज्याला ती आवडते, त्याच्याशी मी तिचं लग्न लावून देणार नाही. एवढा अधिकार लेखिकेला असावा.

राहिली डिचोलीकरीण. ती गणित शिकवते. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, ते डॉक्टर मंडळींचं जाडी मोजायचं सूत्र तिनं वर्गात फळ्यावर मांडून दाखवलंय. हे सूत्र केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं १८३० च्या दशकात मांडलं. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता. तो ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा शोध घेत होता. डिचोलीकरीण म्हणते, ‘‘मीही तोच शोधतेय गो. सरासरी चालेल.’’

आणि तिला भेटतो पायलट. गोव्याबाहेरच्या श्रोत्यांनी विमानाकडे बघू नये. आमचा पायलट मोटारसायकलवर असतो, पिवळ्या मडगार्डच्या, आणि भाडं घेऊन मागे बसवतो. पावसाळ्यातला दिवस, शाळेची बस चुकलेली, शाळा चढावर. स्टँडवर एकच पायलट, पन्नाशीच्या अलीकडचा, स्वतःही पोटानं बऱ्यापैकी. तो तिच्याकडे बघतो, मग मागच्या चाकाकडे. ती म्हणते, ‘‘हवा भरून घ्या, मी थांबते.’’ तो खरंच हवा भरून येतो. चढावर गाडी कण्हते, दोघांपैकी कुणी बोलत नाही. उतरल्यावर तो नेहमीचंच भाडं घेतो आणि सुटे परत देतो.

दुसऱ्या दिवशी तिची बस चुकलेली नसते. तरी ती पायलटकडे जाते.

मग श्रावणातल्या एका सोमवारी गाडी चढावर कण्हत नाही. खड्ड्यातून जाते तरी आपटत नाही. ती विचारते, काय केलंत? तो पुढे बघतच सांगतो, ‘‘मागचे शॉक बदलले.’’

शुक्रवारी म्हापशात यावर मोठा वाद. डिचोलीकरीण रडवेली: याचा अर्थ माझ्या वजनानं जुने गेले, त्यानं तोंडावर सांगितलं. म्हापशेकरणीचं म्हणणं, पावसाळ्यात धंदा पडलेला असताना जो माणूस पदरचे पैसे घालून शॉक बदलतो, त्यानं याहून स्पष्ट काय बोलायचं? चिठ्ठी लिहायची? भजी गार होतात. फोंडेकरीण इतका वेळ हिशेब करत गप्प असते. ती मान वर करते.

‘‘एकच बदलला की दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘मग रजिस्ट्रारकडे सह्यांना साक्षीदार म्हणून मी येते,’’ फोंडेकरीण म्हणते आणि भज्यांची दुसरी बशी मागवते.