सव्वाबारा वाजले की

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी हेलेना नावाचं एक छोटं गाव आहे. २१ नोव्हेंबर १९४१ रोजी तिथल्या केएफएफए या नव्या रेडिओ केंद्रावरून 'किंग बिस्किट टाइम' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. विकायचं होतं पीठ. त्या पिठाच्या जाहिरातीच्या आगेमागे ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, चालायचं. सनी बॉय विल्यमसन माउथ ऑर्गन वाजवायचे आणि रॉबर्ट लॉकवुड गिटार. वेळ दुपारी सव्वाबाराची ठरली, कारण त्या सुमाराला कापसाच्या शेतांवरचे मजूर जेवायला बसत. आज रात्री आपण कोणत्या गावी वाजवणार आहोत, हे त्या दोघांना रेडिओवरून सांगता यायचं, आणि ऐकणारे रात्री तिथे हजर व्हायचे. पुढे जगभर गाजलेले ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग तेव्हा शेतात राबणारे तरुण होते. तेही दुपारच्या सुट्टीत हाच कार्यक्रम ऐकत. सनी पेन नावाच्या निवेदकाने १९५१ मध्ये या कार्यक्रमाची सूत्रं हाती घेतली आणि २०१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळली. एका गावचं एक केंद्र, एक ठरलेली वेळ आणि तोच ओळखीचा आवाज!

ब्लूज म्हटलं की एकटा माणूस, एक गिटार आणि पुष्कळसं दुःख असं चित्र रंगवलं जातं. मला मात्र त्या गाण्यामागे नेहमी एक वस्ती दिसते. शिकागोचंच पाहा. दक्षिणेतले कृष्णवर्णीय लोक कामाच्या शोधात आणि रोजच्या अपमानातून सुटायला आगगाडीने उत्तरेकडे गेले. १९४३ मध्ये ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स असेच शिकागोला पोचले. दिवसा मिळेल ते काम आणि रात्री वाजवणं. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधं गिटार ऐकूच येईना, म्हणून त्यांनी विजेवरचं गिटार घेतलं. मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारी बाजार भरायचा. वादक रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि जवळच्या घरातून किंवा दुकानातून लांब वायर ओढून घ्यायचे. विजेचे पैसे अर्थातच मोजायचे. ज्या घरातून ती वायर निघायची, त्या घराचाही या संगीतात वाटा आहे, असं मी मानतो. हा जुना बाजार १९९४ मध्ये तिथून हलवला गेला.

आता आपल्या इंदूरकडे येतो. राजेंद्रनगरात एका घराच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी काही मुलं-मुली जमतात. कुणी बँकेत आहे, कुणी कॉलेजात, एक मुलगी दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. दोन गिटार, एक बेस म्हणजे खालच्या सुरांचं गिटार, एक कॅहोन म्हणजे बसून वाजवायचा लाकडी खोका, आणि माउथ ऑर्गन. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी भजनी मंडळात पेटी वाजवतात. सुरुवातीचे काही शनिवार त्यांनी खालूनच ऐकलं. मग एका संध्याकाळी नातवाला पेटी वर आणायला सांगितली आणि मुलांच्या मधोमध सतरंजीवर बसल्या. गिटार वाजवणारा मुलगा तार बोटाने ताणून एक स्वर वर चढवत होता. आजींनी कोमल गंधार दाबला. जुळेना. शुद्ध गंधार दाबला, तोही जुळेना. पुन्हा कोमल, पुन्हा शुद्ध. मग भाता सोडून म्हणाल्या, "अरे, तू जिथे थांबतोस ना, ती जागाच माझ्या पेटीत नाही." सगळे हसले. पण आजींनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. ब्लूजचा जीव त्या दोन गंधारांच्या मधल्या जागेत असतो. गळ्यातून आणि ताणलेल्या तारेतून ती सापडते, पट्टीवर मिळत नाही.

बाकी बांधणी ऐकायला सोपी आहे. चार-चार मात्रांचे बारा भाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. मुक्काम तीन: षड्ज, मध्यम, पंचम. पहिले चार भाग षड्जावर. मग दोन मध्यमावर, आणि दोन परत षड्जावर. शेवटच्या चारांत पंचमावरून मध्यमाला उतरून घरी यायचं. शब्दांचीही तशीच रीत. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर जागा मोकळी राहते, तिथे गिटार बोलतं. त्या फार्मासिस्ट मुलीने मराठीत रचलं ते असं:

आज नर्मदेच्या पाण्याचा दिवस, अन् नळ आमचा कोरडा
हो, आज नर्मदेच्या पाण्याचा दिवस, अन् नळ आमचा कोरडा
टँकरवाल्याला हाका मारून आता गळाही कोरडा

एक दिवसाआड पाणी भरणाऱ्या इंदूरकराला यात काही समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा गच्चीच्या जिन्यात उभ्या असलेल्या शेजारच्या काकूही म्हणू लागल्या. आपल्या माळव्याला ही सवय जुनी आहे. इथल्या गावागावांत तंबुरा, करताल आणि मंजिऱ्यांवर कबीराची भजनं रात्र-रात्र चालतात. एक जण ओळ सोडतो आणि मंडळी ती उचलून धरतात. देवासला कुमार गंधर्वांच्या कानावर अशीच निर्गुणी भजनं पडली आणि पुढे त्यांच्या गाण्यात उतरली.

शिकागोतल्या जॅमचे, म्हणजे येईल त्याने सामील व्हायच्या मोकळ्या बैठकीचे, काही रिवाज या मुलांनीही उचलले आहेत. येणाऱ्याने नाव कागदावर लिहायचं. नंबर लागला की दोन गाणी, मग जागा सोडायची. जो गातो त्याच्याकडे सगळ्यांची नजर. त्याने मान वळवली की तुझी पाळी, मूठ वर केली की सगळे एकदम थांबले पाहिजेत. नवख्याला परत पाठवायचं नाही, हा मला सगळ्यांत मोलाचा रिवाज वाटतो. परवा आठवीतला एक मुलगा गिटार घेऊन आला. बँकेतल्या दादाने त्याच्या तारा लावून दिल्या आणि म्हणाला, "तू फक्त षड्ज धर, बाकी आम्ही बघतो." मुलाने आवर्तनं संपेपर्यंत तेवढंच वाजवलं, मनापासून, ओठ दाताखाली धरून. पुढच्या शनिवारी तो मध्यमही शिकून आला.

पैशांबद्दल बोलायला आपल्याला संकोच वाटतो, पण मी बोलणार आहे. बेसी स्मिथ, ब्लूजची सम्राज्ञी म्हणवली गेलेली गायिका, १९३७ मध्ये मोटार अपघातात गेली. तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत साधा दगडही नव्हता. शेवटी गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या ज्युअनिटा ग्रीन या दोघींनी खर्च उचलला, तेव्हा तो बसला. अमेरिकेत १९९४ पासून म्युझिक मेकर ही संस्था दक्षिणेतल्या म्हाताऱ्या कलावंतांना औषधपाण्याला, घरखर्चाला मदत करते. तिथल्या ब्लूजप्रेमींना हे उशिरा सुचलं, पण सुचलं. आपल्या शहरातही आयुष्यभर दुसऱ्यांच्या साथीला बसलेले तबलजी आणि पेटीवाले आज घरी बसून आहेत. गच्चीवरच्या मुलांनी एक डबा ठेवला आहे. त्यातून माइकचं भाडं जातं आणि उरलेलं एका वृद्ध तबलावादकांच्या औषधांना. ते काका कधीमधी येतात आणि कॅहोनवाल्याला लय आवरायला शिकवतात. त्याची बिदागी त्यांना पाकिटातून, वाकून नमस्कार करून दिली जाते. भीक दिल्यासारखी नाही.

तर श्रोतेहो, तुमच्या गल्लीत असं काही चालू असेल, मग ते ब्लूज असो, भजन असो की नाट्यगीतांची बैठक, तर आवर्जून जा. वेळेवर जा, शेवटचं गाणं होईपर्यंत बसा, आणि डब्यात काही टाकल्याशिवाय उठू नका. पुढची बैठक कधी आहे ते विचारून घ्या आणि त्या वेळेला दुसरं काम ठेवू नका. जाताना घरातल्या एखाद्या मुलाला सोबत न्या, त्याचं नाव कागदावर लिहा.

नमस्कार.